फोन तुमचा, मग पार्ट कुणाचा?

फोन दुरुस्त करायला किती सोपा, यासाठी त्याला स्टार द्या, अशी शिफारस सरकारच्या समितीने केलीय. चांगलंच आहे. पण परळीत बसून बॅटरी बदलायची तर नुसते स्टार पुरतील का?

एक काम करा. तुमचा फोन आज दुपारी बंद पडला तर उद्या काय काय अडेल, त्याची मनातल्या मनात यादी करा. महाडीबीटीचा ओटीपी. सीईटीच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म. कॉलेजच्या ग्रुपवर येणारं वेळापत्रक. मेसचे पैसे द्यायचं यूपीआय. २०२५ पासून अकरावीचा प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झालाय, म्हणजे धाकट्या भावाबहिणीचा फॉर्मही बहुतेक तुमच्याच फोनवरून भरला गेला असणार. आणि दिवाळीच्या आगेमागे आई-वडील ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेले, की त्यांच्याशी रोज बोलायचा धागाही तोच.

एवढं सगळं ज्या एका वस्तूवर चालतं, ती बिघडली की परळीत आपल्यापुढे तीन वाटा असतात.

पहिली वाट, कंपनीचं सर्व्हिस सेंटर. तुमच्या ब्रॅण्डचं इथं असलं तर नशीब. नसलं तर लातूर, बीड नाहीतर थेट संभाजीनगर. एक दिवस गेला, एसटीचं भाडं गेलं, आणि तिथं 'पार्ट मागवावा लागेल, चार दिवसांनी या' असं ऐकलं की आणखी एक फेरी. दुसरी वाट, स्टेशन रोडचं किंवा मोंढ्याकडचं ओळखीचं दुकान. तासाभरात काम होतं. फक्त आत कोणता पार्ट बसला, हे आपल्याला कळत नाही. तिसरी वाट, ऑनलाइन पार्ट आणि शंभर-दोनशेचा टूलकिट मागवायचा, व्हिडिओ लावायचा आणि घरीच फोन उघडायचा. होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर असा एक तरी 'डॉक्टर' असतोच.

ही तिसरी वाट म्हणजे पैसे वाचवायचा खटाटोप, एवढंच आपल्याला वाटतं. पण सध्या जगभर याच गोष्टीवर कायदे होताहेत. आपल्याकडेही हालचाल सुरू झालीय. ती आपल्या कामाची किती आणि कुठे कमी पडते, हे समजून घ्यायला हवं.

दिल्लीत काय शिजतंय?

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होत्या तेव्हाच्या अतिरिक्त सचिव निधी खरे. चार क्षेत्रं निवडली गेली : शेतीची अवजारं, मोबाईल आणि टॅब्लेट, घरातली विजेवरची उपकरणं आणि वाहनं. ट्रॅक्टर आणि मोबाईल एकाच यादीत, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

२४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू झालं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, वॉरंटीच्या अटी, सर्व्हिस सेंटरचे पत्ते आणि सुटे भाग कुठे मिळतात, हे एका जागी द्यायचं, अशी कल्पना. साठहून अधिक कंपन्या त्यावर आल्या.

मग सप्टेंबर २०२४ मध्ये दुसरी समिती. अध्यक्ष, अतिरिक्त सचिव भरत खेरा. या समितीने ३ मे २०२५ ला आपला अहवाल निधी खरे यांनाच दिला, त्या तोपर्यंत विभागाच्या सचिव झाल्या होत्या. अहवालात काय आहे? 'रिपेअरेबिलिटी इंडेक्स'. मराठीत म्हणायचं तर दुरुस्ती-निर्देशांक. फ्रिज घेताना आपण विजेचे स्टार बघतो ना, तसेच फोनवर दुरुस्तीचे स्टार. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून. हे रेटिंग दुकानात, ऑनलाइन विक्रीच्या पानावर आणि खोक्यावरच्या क्यूआर कोडमध्ये दिसावं, अशी शिफारस आहे.

याची गरज का पडली, तेही आकड्यांत दिसतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मोबाईल आणि टॅब्लेटच्या २०२२-२३ मध्ये १९,०५७ तक्रारी आल्या. २०२३-२४ मध्ये २१,०२०. २०२४-२५ मध्ये २२,८६४. दरवर्षी वाढताच आकडा. आणि हे फक्त तक्रार करणारे. तुमच्या वर्गातल्या किती जणांनी फोनसाठी हेल्पलाइनला कधी फोन केलाय? हात वर करा.

स्टार कशावर मिळणार?

सहा गोष्टींवर. एक, पार्टपर्यंत पोहोचायला किती पायऱ्या लागतात. दोन, दुरुस्तीची माहिती मिळते का. तीन, सुटे भाग वाजवी वेळेत मिळतात का. चार, सॉफ्टवेअर अपडेट किती काळ येतात. पाच, कोणती हत्यारं लागतात. सहा, आत स्क्रू आहेत, क्लिप आहेत की गोंद, आणि ते पुन्हा बसवता येतात का.

यात कोणते पार्ट महत्त्वाचे धरलेत? बॅटरी, डिस्प्ले, मागचं कव्हर, कॅमेरे, चार्जिंग पोर्ट, बटणं, माइक, स्पीकर वगैरे. म्हणजे आपल्याकडे दुकानात रोज जे बदललं जातं, तेच.

ही सहा सूत्रं कागदावर कोरडी वाटतात. म्हणून फोन उघडूनच बघूया.

फोनच्या पोटात

आपल्या घरातल्या जुन्या बटणाच्या फोनचं झाकण नखाने निघायचं. बॅटरी काढा, फुंकर मारा, परत घाला. अर्धे आजार तिथंच बरे. आजच्या बहुतेक स्मार्टफोनला मागची काच किंवा पॅनल गोंदाने चिकटवलेलं असतं. आधी ते गरम करायचं, सक्शन कपने किंचित उचलायचं, फटीत प्लास्टिकची पिक सरकवायची. आतले स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात. लांब स्क्रू चुकून आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर तो खालच्या बोर्डात घुसतो आणि चांगला चालणारा फोन कायमचा डेड होतो. मग आतलं आवरण, मग बॅटरीचा कनेक्टर. सगळ्यात आधी हाच सोडवायचा, कारण करंट चालू असताना चिमटा इकडेतिकडे लागला की आयसी गेलीच. त्यानंतर बॅटरी. तीही खाली चिकटवलेली. काही कंपन्या ओढून काढायला पट्टी देतात, काही नुसता गोंद.

आता सहा सूत्रं परत वाचा. 'किती पायऱ्या' म्हणजे हे सगळं. 'स्क्रू की गोंद' म्हणजे हेच. बॅटरी झिजणारी वस्तू आहे, हे फोन बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. तरीही ती गोंदाखाली जाते, कारण फोन पातळ हवा, पाण्यापासून वाचवायचा. कंपन्यांचं हे म्हणणं अगदीच खोटं नाही. पण दुसऱ्या पद्धतीनेही फोन बनतो. नेदरलँड्सच्या फेअरफोन कंपनीचा २०२३ मध्ये आलेला फेअरफोन ५ एका साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडतो, आणि दुरुस्तीच्या मोफत गाइड छापणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेने त्याला १० पैकी १० गुण दिले होते. म्हणजे प्रश्न 'जमतं का' हा नाही. 'करायचंय का' हा आहे.

युरोपने यावर थेट कायदाच केलाय. २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथं विकल्या जाणाऱ्या उपकरणांमधली छोटी बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यायला हवी. काही अपवाद आहेत, पण दिशा स्पष्ट आहे.

'ओरिजनल टाकू का कॉपी?'

हा प्रश्न तुम्ही ऐकला असेल. डिस्प्लेला दुकानात फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतात. त्यात ओरिजनल, ओजी, कॉपी असे प्रकार सांगतात आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. ग्राहक म्हणून आपण फक्त भाव ऐकतो.

फरक कुठे पडतो ते बघा. तुमच्या फोनला अ‍ॅमोलेड स्क्रीन असेल आणि तिच्या जागी स्वस्त एलसीडी फोल्डर बसवला, तर चित्र दिसेल, टच चालेल. पण स्क्रीनच्या आतलं फिंगरप्रिंट बहुतेक वेळा चालणार नाही, कारण तो सेन्सर स्क्रीनच्या आरपार बघतो आणि एलसीडीच्या मागे बॅकलाइटचा थर असतो. दुकानदाराने फसवलं असं आपण म्हणतो. पण पार्टवर प्रकार लिहिलेलाच नसेल तर त्याने तरी कशावरून सांगायचं? त्याला माल येतो मुंबई-दिल्लीच्या बाजारातून किंवा संभाजीनगरहून. कंपनीचा अस्सल पार्ट रास्त भावात थेट परळीच्या दुकानाला मिळायची सोय असती, तर 'कॉपी' हा शब्द इतका वापरात आला असता का?

बॅटरीबाबत तर हा जिवाचा खेळ आहे. फोनच्या लिथियम बॅटरीला आपल्याकडे बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. त्या नोंदणीची खूण नसलेली बॅटरी दोनशे रुपये स्वस्त मिळाली तरी ती खिशात घेऊन फिरायची वस्तू नाही.

आणि एक नवी अडचण. पार्ट अस्सल असला, नीट बसवला, तरी फोन तो ओळखत नाही. याला 'पार्ट पेअरिंग' म्हणतात. पार्टचा नंबर सॉफ्टवेअरने फोनशी बांधलेला असतो. २०२१ मध्ये आयफोन १३ ची स्क्रीन बाहेर बदलली की फेस आयडी बंद पडायचं. बोंबाबोंब झाली, तेव्हा अ‍ॅपलने अपडेट देऊन ते सुधारलं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून अशा बांधणीवर बंदी घातली. ती घालणारं ते तिथलं पहिलं राज्य.

म्हणजे आता कुलूप फक्त स्क्रूचं राहिलं नाही, सॉफ्टवेअरचंही झालंय. यूट्यूबवर कितीही व्हिडिओ बघा, हे कुलूप पिकने उघडत नाही.

मोटार रिवाइंड होते, मग फोन का नाही?

आपल्या भागात दुरुस्तीची अक्कल कमी आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला परळीत आणून फिरवा. इथं थर्मल आहे, रेल्वे जंक्शन आहे, आसपास कारखाने आहेत. हत्यार धरणारे हात पिढ्यान् पिढ्या आहेत. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती रिवाइंडिंगच्या दुकानात टाकतो. कारागीर जुनी वाइंडिंग उपसतो, आटे मोजतो, त्याच गेजची तांब्याची तार भरतो. बेअरिंग गेली असेल तर तिचा नंबर वाचतो, ६२०३ म्हणा की ६२०४, आणि समोरच्या दुकानातून आणतो. कोणत्याही कंपनीची मोटार असो, बेअरिंग त्या नंबरची चालते. दोन दिवसांत मोटार पुन्हा पाण्यात. 'तुम्ही अधिकृत आहात का?' असं त्याला कुणी विचारत नाही.

ही काही जादू नाही. तार खुल्या बाजारात मिळते. बेअरिंगचे नंबर जगभर ठरलेले आहेत. आत काय आहे ते उघडल्यावर दिसतं. म्हणजे पार्ट, माहिती आणि मोकळीक, तिन्ही गोष्टी कारागिराच्या हातात आहेत. फोनच्या दुकानातल्या दादाकडे बोटातली सफाई तेवढीच असते, कदाचित जास्तच, मायक्रोस्कोपखाली आयसी बदलणं खायचं काम नाही. पण अस्सल पार्ट त्याला मिळत नाही, सर्किटचा नकाशा कंपनी देत नाही आणि सॉफ्टवेअर 'अनोळखी पार्ट' म्हणून अडवतं. हुन्नर आहे, वाट नाही.

ट्रॅक्टर आणि मोबाईल एका यादीत का, ते आता कळलं असेल. गाड्यांच्या बाबतीत ही लढाई आपल्याकडे आधी झालेली आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला देत नाहीत, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. दंडाचं प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण एक गोष्ट तेव्हाच मांडली गेली : वस्तू विकल्यावर तिच्या सुट्या भागांची नाडी स्वतःच्या हातात ठेवणं म्हणजे बाजार अडवून धरणं. कारला लागू होणारा हा विचार फोनला का नको?

स्टारमध्ये काय नाही?

आता मुद्द्यावर येऊ. इंडेक्स चांगला आहे. फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघतो तसं दुरुस्तीचं रेटिंग बघायची सवय लागली, तर कंपन्यांमध्ये चुरस लागेल. पण तीन गोष्टी डोळे उघडे ठेवून बघायला हव्यात.

पहिली, किंमत. सहा सूत्रांत सुट्या भागाच्या किमतीचं सूत्र नाही. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून असाच इंडेक्स आणला, त्यात पार्टच्या किमतीला स्वतंत्र गुण होते. फोन सहज उघडतो, पार्ट वेळेत येतो, पण डिस्प्लेचा भाव ऐकून 'त्यात थोडे घालून नवीनच घेऊ' असं घरचे म्हणणार असतील, तर पाच स्टारचा उपयोग काय? खिसा बघून फोन घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हाच पहिला प्रश्न आहे आणि तोच मोजला जात नाही.

दुसरी, गुण कोण देणार? कंपनी स्वतःच, ठरलेल्या निकषांवर. म्हणजे पेपर आपणच लिहायचा आणि आपणच तपासायचा. त्यावर बाहेरून कडक तपासणी हवी, नाहीतर सगळेच मेरिटमध्ये.

तिसरी आणि सगळ्यात मोठी. स्टार ही माहिती आहे, हक्क नाही. एक स्टारचा फोनही विकता येणारच. युरोपात लेबल आहे, पण लेबलच्या खाली सक्ती आहे. २० जून २०२५ पासून तिथं नवे नियम लागू झालेत. मॉडेलची विक्री थांबल्यावर ७ वर्षं महत्त्वाचे सुटे भाग द्यायचे, तेही ५ ते १० कामाच्या दिवसांत. ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीत ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. पार्ट बदलायला लागणारं सॉफ्टवेअर बाहेरच्या कारागिरालाही द्यायचं. पार्टच्या किमती वेबसाइटवर जाहीर करायच्या. आपल्या सूत्रात 'वाजवी वेळ' आहे, त्यांच्या कायद्यात दिवस मोजून दिलेत. फोन अनेकदा त्याच कंपन्यांचे, कधी तर तेच मॉडेल. मग तिथल्या मुलाला सात वर्षं पार्ट आणि आपल्याला 'स्टॉक नाही'?

कंपन्यांची बाजूही ऐका. बॅटरी चुकीची हाताळली तर आग लागते, हे खरं. चोरीच्या फोनचे पार्ट विकले जातात, ते पार्ट पेअरिंगने रोखता येतं, यातही तथ्य आहे. पण यावर उत्तर एकच : लोक फोन उघडणारच आहेत, आजही उघडतात. मग मॅन्युअल दिलं तर अपघात कमी होतील की जास्त? अस्सल पार्ट खुला विकला तर चोरीच्या पार्टचं गिऱ्हाईक वाढेल की घटेल? अ‍ॅपलने २०२२ मध्ये अमेरिकेत घरी दुरुस्ती करणाऱ्यांना पार्ट आणि मॅन्युअल द्यायला सुरुवात केली. सुरक्षेचं कारण तिथं आड आलं नाही.

यात कचऱ्याचाही हिशोब आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाला. राखेच्या शेजारी राहणाऱ्या परळीकरांना कचरा कुणाच्या दारात साठतो, हे समजावून सांगायची गरज नाही.

घरी उघडणारच असाल, तर

हे सगळं वाचून पिक हातात घेतलीच असेल, तर एवढं तरी पाळा.

१. आधी बॅकअप. फोटो, नोट्स, व्हॉट्सअ‍ॅप, सगळं. दुरुस्तीनंतर फोन सुरू होईलच, असं गृहीत धरू नका.

२. वॉरंटीची तारीख बघा. वॉरंटी शिल्लक असेल तर घरी उघडू नका. बाहेर उघडलेल्या फोनचा बिघाड बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत.

३. बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली आणा, फोन पूर्ण बंद करा, मगच उघडा. आत गेल्यावर पहिला सोडवायचा तो बॅटरीचा कनेक्टर.

४. बॅटरीखाली स्क्रूड्रायव्हर, सुरी, ब्लेड घालू नका. ती वाकली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. बॅटरी आधीच फुगलेली असेल, मागचं पॅनल उचललं गेलं असेल, तर चार्जिंग थांबवा आणि ते काम कारागिराकडेच द्या.

५. कागदावर फोनचं चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू निघाला तिथंच चिकटपट्टीने लावा. कोणता कुठला, हा प्रश्नच उरणार नाही.

६. मॉडेल नंबर पूर्ण जुळवा. नाव सारखं असलेल्या दोन मॉडेलचे पार्ट वेगळे असू शकतात. नवा डिस्प्ले चिकटवण्याआधी नुसता जोडून चालू करून बघा.

७. उघडलेला फोन पाण्यापासून पूर्वीइतका सुरक्षित राहत नाही. पावसाळ्यात हे लक्षात असू द्या.

८. बॅटरी, मागचं कव्हर, काही फोनमध्ये स्पीकर किंवा चार्जिंगचा छोटा बोर्ड, एवढ्यापर्यंत शिकता येतं. मदरबोर्डला हात लावू नका. जुना मदरबोर्ड विकत घेऊन टाकणार असाल तर त्याचा आयएमईआय 'संचार साथी'वर तपासा. आयएमईआय बदलून देतो असं कुणी म्हणालं तर उलट्या पावली बाहेर या. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

९. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या बादलीत टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात किंवा कंपनीच्या सेंटरमध्ये द्या.

दुकानात टाकला तर? कोणता पार्ट बसवला ते बिलावर लिहून घ्या, किती दिवसांची गॅरंटी तेही. काढलेला जुना पार्ट परत मागा. तो तुमचा आहे. यात दुकानदारावर संशय घेण्यासारखं काही नाही, चांगल्या कारागिराला उलट बरंच वाटतं.

कंपनी दाद देत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. तिथंही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, आणि वकील लावायलाच हवा असंही नाही. बिल मात्र हवं. म्हणून फोनचं बिल खोक्यासोबत फेकू नका, त्याचा फोटो मेलवर टाकून ठेवा.

आता मागायचं काय?

कायद्याची वाट बघत बसायची गरज नाही. पुढचा फोन घ्यायला काउंटरवर उभे राहाल, तेव्हा कॅमेऱ्याचं विचारून झालं की आणखी तीन प्रश्न विचारा. याचा डिस्प्ले आणि बॅटरी बदलायला आज किती पडतात? पार्ट किती वर्षं मिळतील? आणि ते परळीत मिळतील का? सेल्समनला उत्तर येणार नाही. हरकत नाही. दहा जणांनी विचारलं की तो वरच्याला विचारेल. कॉलेजात ग्राहक मंच असेल, एनएसएस असेल, तर हेच तीन प्रश्न लिहून ग्राहक व्यवहार विभागाला पाठवता येतात : इंडेक्समध्ये किंमत मोजा, गुणांची तपासणी बाहेरून करा, आणि पार्ट किती वर्षं, किती दिवसांत, हे आकड्यात लिहा.

फोन उघडायची हिंमत आपल्याकडे आहे. उघडणारे हातही आहेत. कमी आहे तो पार्ट, आणि तो मागून घ्यावा लागणार आहे.